बदामाचं सरबत

नवऱ्याने परदेशातून आणलेली बदामाची दारू कीर्तीने बरणीत ओतली. त्यात लिंबू पिळलं, साखर आणि अंड्यातला पांढरा बलक घातला आणि झाकण लावून फेस येईस्तोवर बरणी जोरजोरात हलवली. तेवढ्यात वाडीतून सासूबाई आत आल्या.

"काय गो करतेस?"

"बदामाचं सरबत, माई."

माईंनी पेला पुढे केला. कीर्तीने तो भरून दिला आणि माईंनी चवीचवीने संपवला. कीर्तीचा जीव भांड्यात पडला.

"फेस कशाचा गो?"

"अंड्याचा," ती सुटकेच्या भरात बोलून गेली.

माईंनी पेला खाली ठेवला.

"आज सोमवार हाय. दारू हाय ते पहिल्या घोटालाच कळलं मला. अंड्याचं तरी आधी सांगायचंस."

कीर्ती रिकामा पेला उचलून मोरीकडे वळली.

"उद्या कर परत. लिंबू जरा जास्त पिळ."