मंगळवारचा फोन

बायकोला ठेवलं होतं त्या हॉस्पिटलमधून दुपारी नर्सचा फोन आला, तेव्हा भास्कर उंबरे पिठलं ढवळत होते.

"काका, कुमुदताई सकाळी दहाला गेल्या."

"काहीतरी चुकतंय तुमचं. आत्ता अकराला बोललो आम्ही. लसीचा दुसरा डोस चुकवू नका म्हणाली."

"तो आरोग्य खात्याचा फोन होता, काका. डॉक्टरांचं कोणी ऐकत नाही, म्हणून खात्याचं यंत्र घरच्या माणसाच्या आवाजात बोलतं. भरतीच्या वेळी तुम्ही फॉर्मवर सही केली होती."

सही त्यांना आठवली. फॉर्म त्यांनी वाचला नव्हता.

"मग ती स्वतः शेवटची कधी बोलली?"

"सोमवारी संध्याकाळी. त्यानंतर घशात नळी होती."

भास्कररावांनी गॅस बंद केला. डॉक्टर उगाच घाबरवतात, असं म्हणत त्यांनी साथीचा ताप आलेल्या कुमुदला चार दिवस घरीच ठेवलं होतं. मंगळवारी ते फोनवर रडले, चूक माझीच झाली म्हणाले. "जाऊ द्या हो," तिकडून कुमुदचा आवाज म्हणाला होता, "सुईला घाबरता ते ठाऊक आहे मला. तेवढी लस घेऊन या, म्हणजे झालं." बुधवारी त्यांनी निमूटपणे दंड पुढे केला होता.

"काका, ऐकताय ना?"

"ऐकतोय. लस घेतली मी."

लस खरी होती. भास्कररावांना तो आजार कधीच झाला नाही. कुमुदची माफी मात्र मागायची राहिली आहे.