शेवटी जेवणारीचे गुण

"हौसाला किती गुण दिलेस गं पोरी?" शाश्वत विकासाचा तक्ता भरायला तालुक्याहून आलेल्या मुलीला तानूबाईंनी उंबऱ्यातच विचारलं.

"वीसपैकी अठरा."

समोरच्या घरातल्या धाकट्या जावेला अठरा! तानूबाईंचा नुसता जळफळाट झाला. त्यांनी शोषखड्डा दाखवला, गोबरगॅस पेटवला, परसबागेतली वांगीसुद्धा मोजायला लावली. गुण सतरा झाले आणि दोन गुणांचा शेवटचा प्रश्न उरला.

"घरात सगळ्यात शेवटी कोण जेवतं?"

"मी आणि सून. चाळीस वर्षांत गडीमाणसांच्या आधी घास तोंडात घातला नाही!" त्यांनी ताठ मानेनं सांगितलं.

मुलीनं शून्य लिहिलं. "शेवटी बसणारीला कमी उरतं, आजी. हौसाबाईंकडं सगळी एकत्रच बसतात."

एका गुणानं हरल्याचं काही नव्हतं. पण जिला धड चूल पेटवता येत नव्हती, ती हौसा इतकी वर्षं गरम भाकरी खात होती आणि आपण पातेलं खरवडत होतो, हे त्यांना मिरचीसारखं झोंबलं.

"सूनबाई, आधी आपल्या दोघींची ताटं वाढ."

"आणि मामंजी?" सून दचकली.

"थांबतील. मी चाळीस वर्षं थांबले. ताटं ओसरीवर मांड, हौसाला दिसतील अशी."