मुकी वल्ही

धुकं इतकं दाट होतं की गॅफनीला आपल्याच वल्ह्याचं टोक दिसत नव्हतं. एरवी उजाडायच्या आत तो आणि लँटी न्यूयॉर्कच्या धक्क्याखाली शिरून मोकळे झाले असते. आज सकाळ झाली तरी नदीतच गरगरत होते. पायांशी जहाजावरून चोरलेल्या कॉफीची पोती होती आणि प्रत्येकावर त्या जहाजाचं नाव ठळक काळ्या अक्षरांत.

वल्ही जिथे लोखंडी खोबणीत बसतात तिथे त्याने लोकरीच्या चिंध्या गुंडाळल्या होत्या. होडी मांजरीच्या पावलांनी चालायची. या कामात गॅफनीचा हात धरणारा अख्ख्या किनाऱ्यावर कोणी नव्हता, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा.

डावीकडून धपधप ऐकू आली. ब्रुकलिनला जाणारी आगबोट.

"ओरड!" पुढच्या टोकाशी बसलेला लँटी कुजबुजला. तो गॅफनीच्या बहिणीचा नवरा. "चिरडतील आपल्याला."

"गप, जावईबापू. पोलिसांची होडी इथेच कुठेतरी आहे. मघाशी खोकला ऐकलास ना?"

"खोकला गेला खड्ड्यात! मला पोहता येत नाही."

"मला तरी कुठे येतं?"

आगबोटीची पाणी कापणारी चाकं जवळ आली. होडी डचमळू लागली. तुरुंगाची भीती गॅफनीच्या सवयीची होती, बुडण्याची नव्हती. त्याने चिंध्या ओरबाडून काढल्या आणि जीव खाऊन वल्ही मारायला सुरुवात केली. लाकूड लोखंडावर करकरलं. लँटीने तर बोंबच ठोकली. आगबोटीची काळी भिंत हातभर अंतरावरून निघून गेली, वरून कोणीतरी आईवरून शिवी हासडली आणि दोघे लाटेने नखशिखांत भिजले.

पाणी शांत होतं न होतं तोच अगदी जवळून आवाज आला.

"कोण रे तिकडे? कालवं काढणारे का?"

पाठोपाठ खोकला. तोच.

"होय साहेब," गॅफनी म्हणाला. "वाट चुकलो."

"वाचलात लेको. आम्ही चोरांवर टपून बसलोय, त्यांची वल्ही मुकी असतात. तुमची करकरली म्हणून कळलं, गरीब माणसं आहेत. हा घ्या दोर, किनाऱ्याला नेतो. आणि बोलत राहा, म्हणजे आहात हे समजेल."

दोर लँटीच्या मांडीवर येऊन पडला. त्याने तो होडीला बांधला. मग तोच कापायला हळूच सुरी काढली. तेवढ्यात दुसऱ्या बाजूने आणखी एका आगबोटीची धपधप सुरू झाली. सुरी परत कमरेला गेली.

"अरे, बोला की!"

गॅफनी कालवांबद्दल, त्यांच्या शिंपल्यांबद्दल बोलू लागला. त्याला त्यातलं फक्त खाणं माहीत होतं. त्या बडबडीच्या आडून लँटीने एक पोतं पाण्यात सोडलं.

"काय पडलं रे?"

"टोपी, साहेब."

"बरंच जड डोकं आहे की!" तिकडे हशा झाला. दुसऱ्या पोत्याला हात लावायची लँटीची छाती झाली नाही.

वल्ही मारणारा माणूस मागे तोंड करून बसतो. म्हणजे ते पोलीस इतका वेळ सरळ यांच्याकडेच बघत होते. मध्ये काय ते धुकं.

ते आता पिवळं पडायला लागलं होतं. आधी दोर हातभर दिसत होता, मग चार हात. गॅफनीने आयुष्यात पहिल्यांदा देवाकडे काहीतरी मनापासून मागितलं. दोर आणखी थोडा दिसू लागला.

"ऊन येतंय बघा," समोरून खोकत शिपाई म्हणाला. "आता सगळं लख्ख दिसेल. देवाची कृपा, नाही का?"

"हो साहेब," गॅफनी म्हणाला. "देवाची कृपा."