सासनकाठीचा मान

"तांबी सोसत न्हाई, गोळ्या सोसत न्हाईत, तर आता इंजेक्शन घेऊन बघ," सोप्यात चहा पीत नवरा म्हणाला.

तांबी बसवल्यावर अंगावरून इतकं जायचं, की एकदा ती वैरणीच्या भाऱ्यासकट बांधावर कोसळली होती. गोळ्यांनी पोटात अन्न ठरेना. आज दवाखान्यात सिस्टरनं दोघांना समोर बसवून सांगितलं, पाळणा थांबवायला सगळ्यांत सोपं पुरुषाचं ऑपरेशन, त्याच दिवशी घरी. तिथं हा नंदीबैलासारखा मान हलवत होता.

"ऑपरेशन तुमचं ठरलंय न्हवं?" ती म्हणाली.

"खुळी का काय? मग जोतिबाच्या यात्रेत सासनकाठी कोण पेलणार? घराण्याचा मान हाय."

तिचं डोकं सणकलं. "तुमची काठी वर्षातनं एकदा. माझा भारा रोजचा. माझ्या वेळी कुणी विचारलं, ही कशी पेलंल म्हणून?"

"बाईमाणसाला सोसतं."

ती तरातरा आत गेली. त्याची गादी ओढत आणली आणि सोप्यात आडव्या ठेवलेल्या सासनकाठीशेजारी आपटली.

"हा उपाय मला सोसंल," दाराची कडी हातात धरून ती म्हणाली. "आजपासनं घराण्याचा मान कुशीत घेऊन झोपा."