हिरवं पाणी

मित्सुएच्या जावयाने हिरव्या झालेल्या तळ्याकाठी वाफा खणून खडी भरली, वर आयरिसची रोपं लावली. पंपाने चढवलेलं पाणी खडीतून, मुळांतून गाळलं जाऊन तळ्यात परतू लागलं.

"आई, आठवड्यात तळ दिसतो की नाही बघाच! मग बाबांना चाकाच्या खुर्चीतून आणू, त्यांचा लाडका बेनी मासा दाखवायला."

बेनी थंडीतच मेला होता. मित्सुएने त्याला गुपचूप कॅमेलियाच्या झाडाखाली पुरलं होतं. अंथरुणाला खिळलेले तिचे पती तोकुजी बागेकडच्या खिडकीपाशी पडून रोज विचारायचे, "बेनी जेवला का गं?" ती "हो" म्हणायची. हिरव्यागार पाण्याने ते खोटं झाकलं होतं.

पाणी नितळलं. खुर्ची काठाशी आली. तळ्यात लहानसहान मासेच फिरत होते.



"बेनी सुखात दिसतोय गं," मित्सुएचा हात धरून तोकुजी म्हणाले. बघत मात्र होते कॅमेलियाच्या बुंध्याकडे.