दुसरी चिठ्ठी

“सर, एक ‘हो’ची चिठ्ठी, एक ‘नाही’ची. घरी मी सात वेळा उचलली आणि सातही वेळा ‘नाही’च निघालं, तर?” मैत्रिणींनी पैज लावली म्हणून मधुवंतीनं गणिताच्या तासाला भर वर्गात विचारलंच.

“एकशे अठ्ठावीसात एकदा होतं असं,” सर हसले. “पण बेटा, पहिले दुसरी चिठ्ठी तर उघडून बघ!”

संध्याकाळी तिच्या पुण्याच्या कॉलेजसाठी बाबांनी नेहमीसारख्या दोन चिठ्ठ्या लिहून देवापुढच्या वाटीत टाकल्या. तिनं एक उचलली. ‘नाही.’

“देवाचा कौल,” बाबा म्हणाले.

तिनं झटकन दुसरीही उघडली. ‘नाही.’

आईनं मान खाली घातली.



“आई, बाबा, उद्या मी महूला ताईच्या सासरी जाऊन तिला घरी घेऊन येणार. ती लग्नाला नको म्हणत रडत होती, तेव्हा याच वाटीतून ‘हो’ निघालं होतं.”