नजरेची अक्षरं

पक्षाघाताने वाचा गेलेल्या काकूंसमोर थेरपिस्टने स्क्रीन लावली. ज्या अक्षरावर नजर थांबेल ते उमटणार होतं. हे यंत्र मिळवताना थेरपिस्टच्या नाकी नऊ आले होते. आता चालेल ना, ही धाकधूक होती. "आई घरी खुशीत असते," स्क्रीनच्या मागे उभा असलेला काकूंचा मुलगा म्हणाला. तेवढ्यात अक्षरं उमटली: 'याला बाहेर पाठवा.' थेरपिस्टने मुलाकडे पाहिलं. घरी काही भलतंसलतं तर होत नसेल? चार्जर आणायच्या निमित्ताने तिने त्याला पिटाळलं. "बोला काकू." काकूंची नजर अडखळत फिरली. 'मी परत बोलेन का? खरं सांगा. त्याच्यासमोर नको, तो खचेल.' आजवर थेरपिस्ट सगळ्यांना "बघू" म्हणत आली होती. तिने काकूंचा हात हातात घेतला. "तोंडाने नाही, काकू." काकूंनी डोळे मिटले. बऱ्याच वेळाने उघडले. अक्षरं उमटली: 'बोलवा त्याला. मी सांगते.'